सहतारिणीची तान

सुषमाने रोमची बातमी आणली तेव्हा पोंकवड्यांचा दुसरा घाणा तेलात होता.

एरवी रोमहून काही निघालं की ते आधी बिशपसाहेबांकडे यायचं, तिथून फादर गामितांकडे, आणि मग एखाद्या रविवारी मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, शेवटी सूचनांत, सापडलेली छत्री आणि गाड्यांचं पार्किंग यांच्या मधे कुठेतरी, सुरतेतल्या डिंडोलीकरांच्या कानावर पडायचं. तोवर ते पुरतं निवलेलं असायचं. पण उषाबाईंची धाकटी जाऊ मधल्या कुणाची वाट बघत नसे. ती अडाजणहून आली, चपला काढल्या, मोबाइल पुढे धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, थोडा प्रॉब्लेम झालाय. मास्तरांच्या गाण्यात 'सहतारिणी' आहे ना, तो शब्द रोमने नको म्हटलाय."

उषाबाईंनी झाऱ्याने वडे उलटले. एक फुटला.

"रोमला आपलं गाणं कुणी पाठवलं? तू?"

"आपलं नाही हो, जगभरचंच. मरियामातेला तसं म्हणू नका असं टिपण निघालंय. गेल्या महिन्यातच आलं, मी आज नीट वाचलं."

"महिना झाला का? मंग महिनाभर जग चालूच हाये की. सोमवार झाल्यावर वाचायचं होतं."

सोमवारी निष्कलंक मातेचा सण होता, म्हणजे त्यांच्या चर्चचाच सण, आणि बिशपसाहेब येणार होते. चर्चमध्ये गुजराती होते, तमिळ होते, मल्याळी होते, आणि प्रत्येकाला सणाच्या मिस्सात एकेक गाणं मिळायचं. मराठी मंडळाचं गाणं कोणतं, हा प्रश्न कधी निघालाच नव्हता. ते मास्तरांचं असायचं. मास्तर म्हणजे भगवान त्रिभुवन, उषाबाईंचे सासरे. अर्धं आयुष्य त्यांनी जालन्याकडच्या मिशनच्या गावांतून धर्मशिक्षण देत काढलं आणि उरलेलं अर्धं सुरतेत लेकांजवळ, तेच शिक्षण घरच्यांना देत. सख्खी पोरंसुद्धा त्यांना मास्तरच म्हणत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांचं मत खोडायचं असेल तर घरात आवाज अजूनही खाली यायचा. गाणं त्यांनीच रचलेलं, चालही त्यांनीच लावलेली, भजनाची:

क्रुसाखाली उभी राहिली
सहतारिणी तू माउली

'सहतारिणी'च्या शेवटच्या अक्षरावर उषाबाई जी तान घेत, ती संपेपर्यंत ढोलकीवाला कपाळ पुसून घ्यायचा. बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागायचे. ज्यांना गाण्यातलं अवाक्षर कळत नसे त्या मल्याळी बायकासुद्धा रडायच्या, आणि मिस्सा सुटल्यावर उषाबाईंचे हात हातात घेऊन काहीतरी बोलायच्या, जे उषाबाईंना कळत नसे. कौतुक हे असंच असावं, असं त्यांचं मत होतं. कळलं की माणसं त्यात खोट काढतात.

उषाबाईंच्या एकटीचं म्हणावं असं जगात फार काही नव्हतं. घर नवऱ्याच्या नावावर, दागिने लेकीच्या लग्नात गेलेले, स्वयंपाकघर सगळ्यांचं. ती तान मात्र त्यांची होती.

सुषमाकडे बाकीचं सगळं होतं. अडाजणला लिफ्टचा फ्लॅट होता, हजीऱ्याच्या कारखान्यात पर्मनंट नवरा होता, इंग्लिश मीडियमच्या शाळेत नोकरी होती, आणि आता बसल्या जागी मोबाइलवर केलेला धर्मशास्त्राचा डिप्लोमासुद्धा होता. तेव्हापासून फादर गामीत तिला 'टीचर' म्हणू लागले होते. उषाबाईंना ते 'उषाबेन' म्हणत. पण तसं ते चर्चबाहेर फुलं विकणारीलाही म्हणत, फक्त तिथे 'उषा' नसे. आपल्याला कुणाचा हेवा म्हणून वाटत नाही, असं उषाबाई फादरांना पापनिवेदनात आवर्जून सांगत. न केलेलं पाप सांगायला येणारी ही एकच बाई फादरांच्या माहितीत होती, पण ते काही बोलत नसत.

"चल बाहेर," उषाबाई म्हणाल्या. "तिथं सांग काय सांगायचं ते. नाहीतर म्हणशील, उषानं दाबलं."

बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ जमिनीवर बसून पोंक, म्हणजे सुरतेकडचा ज्वारीचा हुरडा, खात होते. मगन, म्हणजे उषाबाईंचा नवरा, उधन्याच्या कारखान्यात लूम दुरुस्त करता करता निम्मा बहिरा झाला होता, पण घरात भांडण लागलं की त्याला सगळं ऐकू येई. सुषमाचा नवरा किरण त्याच्याहून बराच धाकटा. खाटेवर सासूबाई, सखुबाई, ताटलीतला कोवळा पोंक तळहातावर घेऊन एकेक दाणा तोंडात टाकत होत्या. दात गेल्यापासून त्यांचं खाणं आणि बोलणं दोन्ही सावकाश झालं होतं, आणि दोन्हींत त्या काही सोडत नसत.

सुषमाने सगळ्यांना टिपणाचं सांगितलं. किरणने शेवेची चिमूट पोंकावर टाकली आणि निकाल दिला, "वरून आलं ना? मग विषय संपला. आमच्याकडं सेफ्टीचं सर्क्युलर येतं. हेल्मेट घाला म्हटलं की घालायचं. आत डोकं हाये का न्हाई, हे कुणी इचारत न्हाई."

"पोप म्हणजे तुझा सेफ्टी ऑफिसर हाये का?" मगन म्हणाला.

"तसं न्हाई दादा, पण सिस्टिम सेम."

उषाबाईंनी वड्यांची ताटली दोघांच्या मधे ठेवली. नवऱ्याच्या बाजूला थोडी जास्त सरकवली.

"सुषमा, एकच सांग. पोप हे खुर्चीवरून बोलले का?"

आणि सगळ्यांची नजर आपोआप कोपऱ्यातल्या वेताच्या खुर्चीकडे गेली.

मास्तरांनी हा धडा घरात प्रत्येकाला घोटून शिकवला होता. पोप कधी चुकतच नाही, असं बाहेरचे लोक समजतात, ते अर्धवट. पोपचं हवामान चुकेल, औषध चुकेल, माणूस पारखणं तर हमखास चुकेल. पण तो जेव्हा पेत्राच्या, म्हणजे पहिल्या पोपच्या, खुर्चीवरून, सगळ्या ख्रिस्तसभेचा गुरू म्हणून, श्रद्धेची किंवा नीतीची एखादी गोष्ट कायमची ठरवून सांगतो, तेव्हा देव त्याला चुकू देत नाही. अशी वेळ शतकात एखादी, किंवा तीही नाही. इथवर शिकवण रोमची होती. पुढची मास्तरांची. मिशनने निरोपाला दिलेली वेताची खुर्ची त्यांनी कोपऱ्यात ठेवली आणि या घरालाही तोच नियम लागू करून टाकला. जेवताना, चिडल्यावर, आंघोळीला जाता जाता मी जे बोलेन त्यावर खुशाल वाद घाला. खुर्चीवर बसून बोललो, की संपलं. सबंध हयातीत ते दोनदा बसले. एकदा गावचं घर मोडून सुरतेला जायचं सांगायला, आणि एकदा मगनसाठी उषाबाईंचं स्थळ पक्कं करायला. बाकी सगळी वर्षं खुर्चीवर घड्या घातलेले कपडे असायचे. आताही होते.

"नाही ताई," सुषमा म्हणाली. "खुर्चीवरून नाही. तसं ते म्हणालेच नाहीत."

सुषमाची हीच गोष्ट उषाबाईंना सर्वांत जास्त सलायची. ती खोटं बोलत नसे. भांडणात समोरच्याने एखादं तरी खोटं बोलावं, निदान तेवढी माणुसकी हवी.

"मंग झालं!" मगनने मांडीवर थाप मारली.

"झालं नाही भावजी. पोपनी मान्य करून काढलंय ते. खुर्चीवरून नसलं तरी शिकवण त्यांचीच ना? ती मनापासून मानायची असते. खुर्चीवरून आलं तरच ऐकू, एरवी आपल्या मनाचं करू, असं नसतं काही."

"मानते की," उषाबाई म्हणाल्या. "मनापासून मानते. आणि गाते."

किरणला हसू आलं. सुषमाने त्याच्याकडे पाहिलं तेव्हा त्याने ते वड्यात लपवलं.

"अहो, मरियेचा मान कुठे कमी केलाय? आई म्हणा, खूप प्रेम करा, सगळं तसंच आहे. पण तारणारा एकटा येशू. 'सहतारिणी' म्हटलं की लोकांना वाटतं, दोघांनी अर्धं अर्धं तारलं."

"कोणत्या लोकांना? डिंडोलीत कुणाला वाटलं? नाव सांग."

सुषमा मोबाइलवर बोट फिरवू लागली.

"आणि मास्तर सांगायचे," उषाबाई पदर खोचून जमिनीवर बसल्या, म्हणजे आता लांबणार होतं, "मागं एक पोप सोता हा शब्द बोलले होते. तेबी पोपच ना? का ते डुप्लिकेट होते?"

"बोलले होते, खरंय. भाषणांत. पण ठरवून शिकवण म्हणून त्यांनी तो दिला नाही, नंतर वापरायचंही सोडलं."

"म्हणजे ते चुकले."

"चुकले असं नाही म्हणता येत..."

"मंग बराबर होते."

"वहिनी," किरण न राहवून म्हणाला, "तुम्ही आमच्या युनियनमध्ये पायजे होत्या. मॅनेजमेंट पळून गेली असती."

"तू कुणाच्या बाजूनं आहेस?" सुषमाने विचारलं.

"मी वड्याच्या बाजूनं हाये."

उषाबाईंना बरं वाटलं. दीर सरकला होता. आता दोघे भाऊ इकडे, आणि ती एकटी रोमसकट तिकडे. त्यांनी किरणच्या पुढ्यात आणखी दोन वडे टाकले.

सुषमाने मोबाइल पालथा ठेवला. मग ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "ताई, मी फादरना मेसेज केलाय."

उषाबाईंनी वड्यांची ताटली तिच्यापासून लांब सरकवली.

"काय मेसेज?"

"हेच. की या शब्दाचं काय करायचं. ते म्हणाले, येऊन ऐकतो, मग ठरवू. आता येतीलच."

"आणि नको म्हणले तर? मराठीवाल्यांनी सोमवारी काय करायचं? टाळ घेऊन घरी बसायचं?"

"तसं नाही... ते म्हणाले, वेळ पडली तर माझ्या वर्गातल्या पोरांचं गाणं बसवून तयार आहेच."

असं होय. उषाबाईंना एकदम सगळं स्वच्छ दिसलं. रोम नाही, शब्द नाही, तारणारे एक की दोन हेही नाही. बिशपसाहेब पहिल्या ओळीत, पोरं ओळीने उभी, हातांची फुलं करून हलवताहेत, आणि पुढे बोट वरखाली करत टीचर. मल्याळी बायका टीचरचे हात हातात घेताहेत. टीचरला तर मल्याळीही चार शब्द येत असतील.

"असं सांग ना मंग सरळ," त्या म्हणाल्या. "मोबाइल कशाला मधे घातला? आणि बिचाऱ्या पोपला?"

"ताई, देवाशपथ, मी पोरांचं नाव काढलं नव्हतं. फादरनीच..."

"फादर आपसूक म्हणतात का कधी काही? त्यांना आपण म्हणायला लावतो. मी काय आज बघतेय फादरांना?"

"वहिनी, जरा..." किरण सावरून बसला. बायकोच्या डोळ्यांत पाणी दिसलं तसा तो सरकत सरकत परत रोमच्या बाजूला गेला. उषाबाईंनी हे टिपलं. दोन वडे वाया गेले होते.

आता हातचा एकच पत्ता राहिला होता. तो त्यांनी टाकला.

"गाणं मास्तरांनी मला दिलंय. मला म्हणले, उषे, हे गाणं तुझं. तुझ्याशिवाय कुणी म्हणायचं न्हाई न् कुणी हात लावायचा न्हाई."

"कधी म्हणाले?" किरणने विचारलं.

"म्हणले. तुम्ही शाळेत असाल."

"खुर्चीवरून?"

मास्तरांनी घराला काय शिकवून ठेवलं होतं, त्याची उषाबाईंना या क्षणी चीड आली. साधं घर असतं तर सासऱ्याचं बोलणं सासऱ्याचं बोलणं असतं.

"खुर्चीजवळूनच," त्या म्हणाल्या.

"न्हाई न्हाई," मगन उत्साहाने म्हणाला. त्याला आठवण आली की तो आधी बोलायचा आणि मग बायकोकडे बघायचा. "मोरीत पाय धूत होते मास्तर तवा. तूच तांब्यानं पाणी घालत होतीस. मला याद हाये, साबण घसरून..." इथे त्याने बायकोकडे पाहिलं. "म्हणजे, म्हणले ते नक्की. पण मोरीत."

"तुम्हाला कुणी इचारलं?"

"न्हाई, ती इचारत होती म्हणून..."

"ती न्हाई, किरण भाऊजी इचारत होते! त्यांना सांगायची काई गरज?"

संसाराच्या इतक्या वर्षांत मगनने बायकोला बऱ्याच वेळा एकटं पाडलं होतं, पण ते दर वेळी खरं बोलून. त्यामुळे त्याच्यावर कधी रागावताही आलं नव्हतं.

उषाबाई उठल्या. कोपऱ्यात गेल्या, खुर्चीवरचे कपडे उचलून खाटेच्या पायथ्याशी टाकले, पदराने वेत झटकला आणि खुर्ची ओढत खोलीच्या मधोमध आणली. फरशीवर तिचा आवाज मोठा झाला.

"माय, तुम्ही बसा हिच्यावर. मास्तरांच्या मागं घरात मोठं कोण हाये? तुम्ही बसून सांगा. तुम्ही म्हणाल ते मी ऐकंन. हीबी ऐकंल."

यात जोखीम फारशी नव्हती. म्हातारीचं करत आलं कोण? आंघोळ घालायची उषा, पाय चेपायची उषा, गोळ्यांच्या वेळा सांभाळायची उषा. सुषमा दर रविवारी येताना सफरचंदं आणायची, आणि सफरचंद म्हातारीला चावत नसे.

सखुबाईंनी खुर्चीकडे पाहिलं. हातावरचे उरलेले दाणे तोंडात टाकले.

"मी काऊन बसू तिच्यावर? ढेकणं हायेत तिच्यात."

"न्हाईत माय, उन्हात टाकली होती."

"मंग तूच बस." त्या सावकाश चावत राहिल्या. चावून झाल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला वाटतं, ते उठले न् खुर्चीवर बसले, असंच ना? मला ठाव हाये ते. बसायच्या आधी महिना महिना घरात इचारत फिरायचे. तुझ्या टायमाला बी, उषे. मला इचारलं, माझ्या जावांना इचारलं, मगनला तर चारदा इचारलं. ह्या किरणला बी इचारलं."

"मला?" किरण चमकला. "मी काय म्हणालो?"

"तू म्हणला, गाणारी असंल तर आणा." सखुबाई हसल्या. हिरड्या दिसल्या. "बसून त्यांनी नवं काईच न्हाई सांगितलं कधी. समद्याला आधीच जे पटेल व्हतं, ते मोठ्यानं बोलले. मंग मोडणार कोण?"

"माय, अगदी हेच!" सुषमा खाटेच्या कडेला जाऊन बसली, डोळे पुसायचं विसरून. "पोपचंही तसंच असतं. नवीन काही काढत नाहीत ते, जे ख्रिस्तसभेजवळ आहे तेच राखायचं. हा निष्कलंक मातेचा सणच घ्या ना. ते जाहीर करायच्या आधी त्या वेळच्या पोपनी जगभरच्या बिशपांना लिहून विचारलं होतं, तुमच्याकडची माणसं काय मानतात म्हणून."

"इचारावंच लागतं," सखुबाई म्हणाल्या, आणि सुषमाच्या पाठीवर हात ठेवला. "बस बस, तशी नीट बस."

उषाबाई खुर्चीची पाठ धरून उभ्या होत्या. खुर्ची त्यांच्या घरातली, म्हातारी त्यांनी सांभाळलेली, बोलणं त्यांच्या लग्नाचं. आणि त्या सगळ्यावरून हात पसरून या दोघी एकमेकींना भेटल्या होत्या. त्या दोघींना एकमेकींचं पटत होतं. म्हातारीने अंगठा लावून आयुष्य काढलं, हिने डिप्लोमा केला, आणि दोघी एकाच ठिकाणी येऊन बसल्या, ते ठिकाण म्हणजे उषाबाईंनी स्वतः स्वच्छ धुतलेली चादर. त्यांच्या पाठीवरून असा हात शेवटचा कधी फिरला होता? म्हातारीचा हात त्या रोज धरत, पण तो न्हाणीपर्यंत नेण्यासाठी.

"तर आता तुला इचारते," सखुबाई त्यांच्याकडे वळल्या. "खरं सांग उषे. शब्दाचं दुखतंय का दुसऱ्या कशाचं?"

सगळे त्यांच्याकडे बघू लागले. मगनसुद्धा.

शब्दाचं? सहतारिणी म्हणजे काय, हे त्यांना लग्नानंतर कितीतरी वर्षं ठाऊकही नव्हतं. त्यांना वाटायचं, ते मरियेचं एखादं गावाकडचं नाव असेल. शब्द गेला असता तर तो कुठे गेला हे पाहायलाही त्या उठल्या नसत्या. पण तो हिने काढावा? ज्या ठिकाणी त्यांचा आवाज वर चढून उभा राहतो, नेमकं तिथेच हिने बोट ठेवावं, आणि वर बरोबर असावं?

हे सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून त्या चिडल्या.

"शब्द काढला तर तिथं काय घालू? सरकीचं तेल? चालीला काई पायजे का नको?"

"मी आपलं एक..." सुषमा चाचरली.

"हायेच का तयार! वाटलंच."

"नुसतं सुचलं हो. रिक्षात. चालत नसेल तर राहू द्या."

"म्हण."

सुषमाने घसा साफ केला. तिच्या गळ्यात देवाने काही ठेवलं नव्हतं, एवढी मात्र कृपा होती. आवाज बारीक, सरळ, वर्गात हजेरी घ्यावी तसा.

"क्रुसाखाली उभी राहिली, लेकरू वरती, खाली माउली."

मगनने वडा तोंडाजवळ नेला होता, तो तिथेच राहिला.

उषाबाईंनाही ऐकू आलं होतं. शब्द नाही, चाल. 'वरती'ला मास्तरांची चाल जशी वर जाते तशी जात होती, आणि 'खाली'ला ती आपल्या पायांनी खाली उतरत होती. आयुष्यभर त्या 'सहतारिणी'ला वर चढत आल्या होत्या आणि का चढायचं हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आता कळत होतं. आणि ही बया ते सगळं जमिनीवरून सरपटत म्हणत होती.

"अगं, 'वरती' म्हणतेस आणि आवाज कुठं हाये तुझा? पाटावर!" त्या ओरडल्या. "लेकरू लटकलंय तिथं! वर बघ की जरा! असं म्हणतात का?"

"मग कसं?"

असं, म्हणून उषाबाईंनी आवाज लावला. एक हात खुर्चीच्या पाठीवर, एक कानाशी. 'लेकरू' त्यांनी हलकं घेतलं, जणू झोपलेलं आहे, आणि 'वरती'वर ती तान सोडली, तीच, इतक्या वर्षांची. फक्त आता ती कुठे चाललीय हे ठाऊक असलेली. ती चढत गेली, थांबली, तिथून खाली बघितल्यासारखी झाली. मग एकेक पायरी उतरत 'खाली माउली'पर्यंत आली तेव्हा उषाबाईंचा स्वतःचाच गळा भरला होता, जे गाणाऱ्याने कधी होऊ द्यायचं नसतं.

सखुबाईंनी डोळे मिटले होते. किरण भिंतीकडे बघत होता. सुषमा तोंडावर ओढणी धरून रडत होती, मोकळेपणाने, त्या मल्याळी बायकांसारखी.

"वाह, उषाबेन!"

दारात फादर गामीत उभे होते. एका पायात बूट होता, दुसरा हातात. व्याऱ्याकडचे हे फादर मराठी बोलायचे ती अर्धी गुजरातीच्या अंगाने. "मी तर बूट काढायचं पण भुलून गेलो. शब्द निघून गेला, ने गाणं तर वाढलं! एकदम सरस. बिशपसाहेब खुश होणार." ते आत आले, रिकामी खुर्ची दिसली तशी तिच्यावर बसले. कुणालाच त्यांना अडवायचं सुचलं नाही. "ही लाइन कोणाची?"

सुषमाने तोंडावरची ओढणी काढली. पण उषाबाईंचं तोंड आधी उघडलं.

"मास्तरांची, फादर," त्या म्हणाल्या. "अशीबी म्हणायचे ते कधी कधी."

मगन लिंबाच्या फोडीतल्या बिया काढू लागला. किरणने बायकोकडे पाहिलं. सखुबाईंनी डोळे उघडले, उषाबाईंवर क्षणभर ठेवले आणि पुन्हा मिटले.

"हां ना, टीचर?" फादरांनी विचारलं.

"हो फादर," सुषमा म्हणाली. "त्यांचीच."

आणि ओढणीने नाक पुसत ती चहा ठेवायला आत गेली. जाताना तिने उषाबाईंकडे पाहिलं नाही. न पाहण्यातही काही नव्हतं. चहाच ठेवायचा होता, तशी गेली.

तिने एकदा जरी वळून बघितलं असतं तर उषाबाईंचं सोपं झालं असतं. पुढची भांडणाची सगळी वाक्यं त्यांच्या जिभेवर तयार होती. घरातलं गाणं, घरातली ओळ, तुझं-माझं काय करतेस, रोमला विचारून सांग. ती सगळी तशीच राहिली, न वापरलेली.

"तर पक्कं," फादर म्हणत होते. "सोमवारी हेच. उषाबेन गाणार. पोरांचं गाणं नाताळात."

म्हणजे सगळं मिळालं होतं. गाणं मिळालं, तान मिळाली, सोमवार आणि बिशपसाहेब मिळाले. भरीला पहिल्यापेक्षा चांगली ओळ मिळाली, तीही मास्तरांच्या नावावर, म्हणजे पुन्हा कुणी हात लावणार नाही अशी. उषाबाईंनी मनात सगळं चाचपून पाहिलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की सुषमाच्या फ्लॅटचा, नोकरीचा, डिप्लोम्याचा कशाचाच हेवा आता वाटत नाहीये. वाटतोय तो तिच्या त्या 'हो फादर'चा. हातातली एवढी मोठी गोष्ट तिने पटकन देऊन टाकली, आणि वर आत जाऊन आलं ठेचतेय. हे कसं जमतं माणसाला? हे कोणत्या डिप्लोम्यात असतं? आणि आपल्याला ते, खुर्चीवर बसवून कुणी सांगितलं असतं, तरी जमलं असतं का?

आतून तिची गुणगुण येत होती. लेकरू वरती, खाली माउली. 'वरती' पुन्हा पाटावर. आपलं गाणं म्हणताना माणूस जरा तरी आवाज लावतो; ही दुसऱ्याचं म्हटल्यासारखं म्हणत होती.

उषाबाई स्वयंपाकघराच्या दारात गेल्या. सुषमा पाठमोरी, आधणाकडे बघत उभी होती.

"सुषमे," त्या म्हणाल्या.

"काय ताई?"

बरंच काही घशापर्यंत आलं. तिथे ते वर चढलं, थांबलं, आणि उतरायला जागाच मिळेना.

"फादरांच्या चहात साखर टाकू नको," उषाबाई म्हणाल्या. "त्यांना शुगर हाये."

"हो ताई," सुषमा म्हणाली. "त्यांचा वेगळाच ठेवलाय."

तेही तिला माहीत होतं.